दोन खिळे

माझ्या खोलीत भिंतीवर दोन खिळे आहेत.
एकावर कोपनहेगनच्या विद्यापीठाचा दाखला,
दुसऱ्यावर समुद्राने वाहून आणलेल्या लाकडातून
वडिलांनी कोरलेला क्रूस.
पहिल्या दिवशी ह्योग्नी दारातच थांबला,
टोपीवरचं धुकं झटकलं, दोन्हींकडे पाहिलं
आणि म्हणाला,
"आज कोणत्या खिळ्यावरच्या बाई बोलणार?"

मी म्हटलं, आधी बसा तर.

आमच्या बेटावर रस्ता एकच.
कुणाची गाडी चर्चमागे किती वेळ उभी होती
हे संध्याकाळपर्यंत मेंढ्यांनाही कळतं.
म्हणून तो दर मंगळवारी
बादलीत एक कॉड घेऊन यायचा,
मासा पोचवायला आलोय, असा चेहरा करून.
माझा फ्रीझर भरत गेला.
तो मात्र रिकामा व्हायला तयार नव्हता.

मुलाचं नाव ब्रांदुर. सतरा वर्षांचा.
गावाला सगळं ठाऊक होतं;
त्याच्या तोंडून मी सहाव्या माशाला ऐकलं.
जाळं सोडताना पाय दोरात अडकला,
बापाच्या हातात हातमोजा राहिला.
नुसता हातमोजा.

मी शिकले होते ते सगळं केलं.
पाय जमिनीला टेकवा. खोलीतल्या पाच वस्तू सांगा.
तो सांगायचा: हीटर, खुर्ची, खिळा, खिळा,
आणि जरा थांबून, तुम्ही.
श्वास मोजले. झोपेची वही ठेवली.
रात्री तीनला जागा होणारा माणूस
चारला जागा होऊ लागला.
याला आमच्या शास्त्रात प्रगती म्हणतात,
आणि ती असतेही.

मग एका मंगळवारी म्हणाला,
"झोपेचं राहू द्या. रविवारचं सांगा.
सगळे प्रार्थना म्हणतात, मीही म्हणतो.
नावापर्यंत, राज्यापर्यंत नीट जातो.
मग ती त्याच्या मर्जीची ओळ येते
आणि माझी जीभ टाळूला चिकटते.
भाकरीपाशी पुन्हा सगळ्यांना गाठतो.
चार वर्षं. एवढी एकच ओळ.
ढोंगी आहे का हो मी?"

दाखल्याकडे याचं उत्तर होतं.
क्रूसाकडेही होतं, आणि ते मला
फ्रॉक घालत होते तेव्हापासून पाठ.
दोन्ही उत्तरं ओठांवर आली.
दोन्ही गिळली.
विचारलं, "त्या ओळीच्या जागी तिथे काय असतं?"

तो बराच वेळ हीटरकडे बघत बसला.
"हातमोजा," म्हणाला.

तेव्हा मी जे बोलले
ते कुठल्या खिळ्यावरून, हे मला अजून सांगता येत नाही:
"मग ती जागा भरू नका.
ओळ जेवढी लांब, तेवढं गप्प राहा.
पण गप्प त्याच्यासमोर राहा,
पाठ फिरवून नको."

पुढच्या रविवारी वारा असा की
आमची घंटा पलीकडच्या बेटालाच ऐकू गेली असेल.
मी शेवटच्या बाकावर.
ती ओळ आली. मीही तोंड मिटलं, नुसतं ऐकायला.
ह्योग्नी गप्प.
शेजारी सुन्निवा, चार वर्षं नवऱ्याच्या वाटचंही
मोठ्याने म्हणणारी, ती गप्प.
आणि हे मला नवीन होतं:
दुसऱ्या रांगेतली योहाना,
खांबाआडचा म्हातारा तुम्मास,
तेही.
कधीपासून, कोण जाणे.
ती ओळ त्या दिवशी
पाळकांनी आणि पोरांनीच काय ती म्हटली.

भाकरीपाशी आम्ही सगळे पुन्हा भेटलो.

मंगळवारी त्याने गाडी
चर्चच्या अगदी समोर, रस्त्यावर लावली.
बादली नव्हती.
आला तो हात हलवत.